साक्षीचे वारस की साक्षीचे वाचक?

१

नाझी राजवटीने घडवलेल्या ज्यूंच्या संहारातून जिवंत राहिलेल्या माणसांची पिढी आता संपत आली आहे. नुकसानभरपाईच्या वाटाघाटी करणाऱ्या ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या वेळी जगभरात असे सुमारे २,४५,००० ज्यू हयात होते. त्यांतील बहुसंख्य संहाराच्या काळात लहान मुले होती. छावणीत प्रौढपणी राहून आलेला आणि आपण काय पाहिले हे प्रौढाच्या भाषेत सांगू शकणारा साक्षीदार आता जवळपास उरलेला नाही. अशा वेळी ‘यापुढे काय?’ हा प्रश्न तातडीने विचारला जाणे साहजिकच आहे. त्याचे एक उत्तर शाळांतून, संग्रहालयांतून आणि स्मृतिदिनाच्या भाषणांतून इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी होऊ शकते, याचाच विसर पडला आहे. ते उत्तर असे: तरुणांनी या माणसांच्या कहाण्या ऐकाव्यात, आपल्याशा कराव्यात आणि त्यांच्या मागे त्या सांगत राहावे, जो साक्षीदाराचे ऐकतो तो स्वतःच साक्षीदार होतो.

एली विझेल यांच्या नावाने हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. जर्मनीत तर ‘त्स्वाइटत्सॉयगन’, म्हणजे ‘दुय्यम साक्षीदार’, हे नावच धारण करणारी एक संस्था शाळकरी मुलांना वाचलेल्यांच्या जीवनकथा सांगते आणि त्या पुढे नेण्यास त्यांना उद्युक्त करते. या कार्यामागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि प्रस्तुत लेखाचा रोख तिच्यावर नाहीही. आक्षेप आहे तो त्या सूत्राच्या पोटात असलेल्या साहित्यविषयक गृहीतकावर. साक्ष म्हणजे एक कथा. कथा म्हणजे एका मनातून दुसऱ्या मनात जशीच्या तशी ओतता येणारी वस्तू. आणि श्रोता तिच्यात जितका विरघळेल तितके जतन अधिक चांगले, असे हे गृहीतक आहे. ते चुकीचे आहे. साक्षीदार समोर बसलेला असेपर्यंत ही चूक झाकली जात होती, कारण तरुणाने काही भलते ऐकले तर ते दुरुस्त करायला तो हयात होता. यापुढे ती झाकली जाणार नाही.

२

सुरुवात शब्दापासून करावी. पाणिनीने ‘साक्षी’ हा शब्द प्रत्यक्ष पाहणारा या अर्थी सिद्ध केला आहे. मराठीत आपण साक्ष देतो, साक्ष काढतो, साक्ष फिरवतो. पण साक्ष वारशाने मिळते असे आपली भाषा कोठेही म्हणत नाही. जमीन वारशाने येते, कर्ज येते, वैरही येते. साक्षीदार मेला की मात्र त्याची साक्ष उरते ती नोंदीत. दुसऱ्या माणसाच्या अंगी ती उतरत नाही. भाषेने राखलेले हे अंतर काही कारणाने राखलेले आहे.

प्रीमो लेवी यांनी ‘बुडालेले आणि वाचलेले’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या १९८६ मधील आपल्या ग्रंथात हे अंतर आणखी एक पाऊल मागे नेले. त्यांच्या मते छावणीचा संपूर्ण साक्षीदार तोच, जो तळापर्यंत गेला आणि म्हणून परतला नाही. जे परतले ते अपवाद होते. ते बोलतात ते इतरांच्या वतीने, आणि त्या मुखत्यारीलाही मर्यादा आहे. आउश्वित्झमध्ये राहून आलेला लेखक जेथे ‘साक्षीदार’ ही पदवी स्वतःकडे पूर्णपणे घ्यायला कचरतो, तेथे ऐंशी वर्षांनंतर एका दुपारी एक निवेदन ऐकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ती बहाल करणे म्हणजे लेवींनी कष्टाने उघडी ठेवलेली पोकळी बुजवून टाकणे होय.

मग ही कल्पना इतकी स्वाभाविक का वाटते? आपल्या परिचयाच्या परिभाषेत सांगायचे तर, साधारणीकरणाची प्रक्रिया जेथे लागू नाही तेथे ती लावल्याचा हा परिणाम आहे. शाकुंतलाच्या आरंभीचे भयाने पळणारे हरिण अभिनवगुप्ताने उदाहरणादाखल घेतले आहे. ते भय रसिकाला आस्वाद्य होते, कारण ते या हरिणाचे, या वनातले, या क्षणाचे राहत नाही. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडतात आणि निखळ भयाचा प्रत्यय येतो. काव्याच्या बाबतीत हा विचार मला मोलाचा वाटतो. परंतु साक्षीचे सारे सामर्थ्य नेमके त्या बंधनांतच असते. कोणत्या दिवशी, कोणत्या गावातून निघालेल्या गाडीने, फलाटावर उतरल्यावर कोण कोणत्या रांगेत गेले, आईच्या हातात त्या वेळी काय होते, हे तपशील साक्षीचा अलंकार नसून तिचे शरीर आहेत. ते गळाले की उरते ते ‘दुःख’, ‘धैर्य’, ‘आशा’. करुणाचा परिपोष झाला, श्रोत्याचे डोळे भरून आले. मात्र ज्या माणसाविषयी ते सांगितले गेले तो माणूस त्यातून निघून गेला. साक्ष साधारणीकरणाला नकार देते. तादात्म्य साधून तिचे जतन करू पाहणारा तरुण, स्वतःच्या नकळत, तिचे काव्य करून टाकत असतो.

३

तादात्म्याचा हा आग्रह केवळ भाबड्या शाळामास्तरांचा आहे असे नव्हे. आपल्या विषयातील प्रतिष्ठित सिद्धान्तांनीही त्याला बळ दिले आहे. शोशाना फेलमन यांनी १९८४ साली येल विद्यापीठात साक्ष या विषयावर पदव्युत्तर वर्ग घेतला. १९७९ साली न्यू हेवन शहरात सुरू झालेल्या आणि पुढे येलमध्ये स्थिरावलेल्या ध्वनिचित्रसंग्रहातील मुलाखती विद्यार्थ्यांना दाखवल्यावर वर्ग हादरून गेला. फेलमन यांनी त्या हादऱ्याचेच शैक्षणिक मूल्य मांडले, आणि विद्यार्थ्यांनी सत्राच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधांकडेही साक्षीच्या अंगाने पाहिले. डोरी लाउब यांच्यासह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा वृत्तान्त येतो. विद्यार्थी व्यथित झाले हे समजण्यासारखे आहे. पण त्यांची व्यथा ही त्यांची व्यथा होती. तिला साक्षीच्या पंक्तीला बसवताच पडद्यावरची व्यक्ती निमित्तमात्र होते आणि वर्ग हाच विषय होऊन बसतो. डॉमिनिक लाकाप्रा यांनी पुढे श्रोत्याने अस्वस्थ व्हावे, पण दुसऱ्याच्या जागी जाऊन बसू नये, असा भेद केला तो याच संदर्भात महत्त्वाचा आहे. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासक्रमात फेलमन जितक्या उत्साहाने शिकवल्या जातात तितक्या उत्साहाने हा भेद शिकवला जात नाही.

तादात्म्याचे तर्कशुद्ध टोक पाहायचे असेल तर बिन्यामिन विल्कोमिर्स्की यांचे प्रकरण पुरेसे आहे. छावणीतील बालपणाच्या तुकड्यातुकड्यांनी सांगितलेल्या आठवणी म्हणून त्यांचे पुस्तक १९९५ मध्ये जर्मनीत निघाले, गौरवले गेले, अनेक भाषांत गेले. १९९८ मध्ये डानिएल गान्झफ्रीड या स्विस पत्रकाराने दाखवून दिले की लेखक स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, ज्यू नसलेला मनुष्य असून तो छावणीत बंदी म्हणून कधी राहिलेलाच नव्हता. नंतरच्या सविस्तर तपासणीने ते पक्के झाले. हा मनुष्य जाणूनबुजून लबाडी करत होता की त्याला ते खरेच वाटू लागले होते, यावर वाद झाले. दुसरी शक्यता खरी असेल तर ती अधिक भयंकर आहे. इतरांच्या साक्षी ऐकून, वाचून, आपल्याशा करून तो साक्षीदार झाला होता. आपण मुलांना जे करायला सांगतो तेच त्याने टोकापर्यंत नेले.

२०१९ मध्ये इस्राएलमध्ये तयार झालेल्या ‘एव्हा डॉट स्टोरीज’ या निर्मितीचे उदाहरण सौम्य वाटेल, पण ते त्याच मार्गावरचे आहे. संहाराच्या काळात एखाद्या मुलीच्या हाती इन्स्टाग्राम असते तर, अशी कल्पना करून एव्हा हेमन हिच्या दैनंदिनीवर आधारित छोट्या चित्रफिती तरुणांसाठी प्रसारित झाल्या. एव्हा ही तेव्हा हंगेरीच्या ताब्यात असलेल्या नॉज्व्हाराद शहरातली, म्हणजे आजच्या रोमानियातील ओरादिआची, तेरा वर्षांची मुलगी. तिची दैनंदिनी फेब्रुवारी ते मे १९४४ अशी जेमतेम साडेतीन महिन्यांची आहे. त्याच वर्षी ती आउश्वित्झमध्ये मारली गेली. निर्मितीवर टीका झाली ती माध्यमाच्या उथळपणावरून. मला ती टीका दुय्यम वाटते. खरा प्रश्न संहितेचा आहे. ही दैनंदिनी एव्हाच्या वाचलेल्या आईने १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीत मुलीचा हात किती व आईचा किती, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. मुलगी गमावलेल्या आईने तिचे शब्द जुळवताना काय केले असेल, हा या संहितेतील सर्वांत हृदयद्रावक आणि सर्वांत अवघड भाग आहे. मुलीच्या हातात कॅमेरा देताच तो पुसला जातो. आई नाहीशी होते. तरुण प्रेक्षकाला एव्हा ‘जवळची’ वाटली. पण जिच्या हातून ती त्याच्यापर्यंत पोहोचली ती स्त्री त्याला दिसलीच नाही.

४

मग तरुणांनी करायचे काय? माझे उत्तर कोरडे वाटेल: त्यांनी वाचक व्हावे. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाला जगणे आणि पठण करणे असे दोन असंबद्ध अर्थ आहेत. या विषयात ते एकमेकांना भेटतात. जे वाचले त्यांचे म्हणणे आता नीट वाचले गेले पाहिजे.

नीट वाचणे म्हणजे काय याचा धडा लॉरेन्स लँगर यांनी १९९१ मधील त्यांच्या ग्रंथात घालून दिला आहे. येलच्या संग्रहातील शेकडो मुलाखतींत त्यांनी सांगणाऱ्याइतकेच विचारणाऱ्याकडे लक्ष दिले. एक स्त्री आपण कशी जगलो ते सांगत असते. तुम्ही खंबीर होता म्हणूनच वाचलात, असे मुलाखतकार तिला सुचवतात. ती ते ठामपणे नाकारते. तो निव्वळ मूर्खपणा होता, असे म्हणते. मुलाखतकार हसून ते बाजूला सारतात. त्या क्षणी दोन कथनांची झटापट चालली आहे: एक तिला सांगायचे आहे ते, दुसरे श्रोत्यांना हवे आहे ते. ‘कहाणी’ पुढे नेणारा तरुण दुसरेच कथन पुढे नेईल, कारण ते नेण्याजोगे आहे. त्याला सुरुवात, मध्य आणि सांत्वनपर शेवट आहे. पहिले कथन टिकवायचे तर तो नकार, ते हसणे, तो तुटलेला धागा, सगळे नोंदवावे लागते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने सुमारे ५२,००० मुलाखतींचा संग्रह केला, हे कार्य प्रचंड आहे. त्या मुलाखतींना एक ठरीव घडण होती: आधीचे आयुष्य, संहाराची वर्षे, नंतरचे आयुष्य, अखेरीस पुढील पिढ्यांसाठी संदेश आणि कुटुंबीयांसह चित्रीकरण. अशी घडण हा एक साहित्यप्रकारच आहे, आणि प्रत्येक साहित्यप्रकाराप्रमाणे तो काही गोष्टी सांगू देतो व काही सांगू देत नाही. शेवटी नातवंडे चौकटीत आली की त्या आयुष्याला आपोआप एक अर्थ प्राप्त होतो, जो सांगणाऱ्याने दिलेला असेलच असे नाही. त्याच संस्थेने पुढे प्रश्नाला उत्तर देणाऱ्या संवादक्षम प्रतिमा निर्माण केल्या. त्यांतील शब्द वाचलेल्याचेच असतात, हे खरे. पण ते सुटे करून साठवलेले असतात आणि समोरच्या मुलाच्या प्रश्नानुसार निवडून पुढे येतात. साक्षीत काय आधी आले, कशानंतर तो माणूस गप्प झाला, हा क्रम त्यात उरत नाही. मुलाला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मात्र आपण न विचारलेले सांगणारा माणूस त्याला भेटत नाही.

याउलट डेव्हिड बोडर यांचे काम पाहावे. शिकागोतील या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या उन्हाळ्यापासून फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीत तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन सव्वाशेहून अधिक लोकांशी नऊ भाषांत संभाषण केले. तोपर्यंत या संहाराला रूढ नाव नव्हते, कहाणीला रूढ आकार नव्हता. बोडर यांना अनेक गोष्टी ठाऊक नव्हत्या आणि त्यांचे अज्ञान मुद्रणात स्वच्छ ऐकू येते. इंग्रजीत आणतानाही त्यांनी सांगणाऱ्यांची मोडकी वाक्यरचना मुद्दाम राखली.

या मुलाखतींपैकी एक मी काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गाला ऐकवली आणि तिच्यावर लिहायला सांगितले. बहुतेकांनी प्रथमपुरुषी निवेदन लिहिले. काहींचे खरोखर चटका लावणारे होते. एका विद्यार्थिनीने मात्र प्रश्नकर्ता कोठे मध्ये बोलला, सांगणारा कोठे भाषा बदलतो, कोणते नाव दोनदा वेगवेगळे येते आणि भाषांतरात काय आले नाही, एवढ्याचीच यादी केली होती. मी तिला वर्गात सर्वांत कमी गुण दिले. ‘संवेदनशीलतेचा अभाव’ असा शेराही मारला. तो शेरा माझ्या अध्यापनातील मोठ्या चुकांपैकी एक आहे. त्या वर्गात मुलाखत ऐकली होती ती तिने एकटीने.

अशा वाचनाची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’च्या संहितेत एखादी लीळा निरनिराळ्या अनुयायांनी निरनिराळी सांगितली असेल तर ते भेद ‘वासना’ म्हणून, कोणाचे ते सांगून, राखलेले आढळतात. श्रद्धेच्या त्या विश्वाचा आणि या संहाराचा संबंध नाही, आणि दोन्हींची तुलनाही मला करायची नाही. शिकण्याजोगी आहे ती संग्राहकाची शिस्त: जे मी पाहिले नाही ते मी पाहिले असे म्हणणार नाही, आणि दोन आठवणी जुळत नसतील तर त्या जुळवून एक करणार नाही.

ही शिस्त नसली की काय होते, ते ‘चार धुरांड्यां’च्या प्रसिद्ध वादात दिसते. ऑक्टोबर १९४४ मधील आउश्वित्झच्या उठावाविषयी सांगताना एका स्त्रीने चार धुरांडी उडाल्याचे सांगितले, पण प्रत्यक्षात एकच उडाले होते. म्हणून इतिहासकारांनी तिची साक्ष अविश्वसनीय ठरवली, असे लाउब सांगतात. त्यांचा युक्तिवाद असा की तिने आकडा नव्हे, अशक्य ते घडल्याचे सत्य सांगितले. हा युक्तिवाद आपल्या चर्चांत सतत उद्धृत होतो. पुढे टॉमस ट्रेझीज यांनी ध्वनिचित्रफितींकडे परत जाऊन लाउब यांच्या या वृत्तान्ताविषयीच गंभीर प्रश्न उभे केले. म्हणजे आकडा मोजणारे आणि आशय शोधणारे असे दोन पक्ष वर्षानुवर्षे भांडत राहिले, आणि त्या बाईंचे नेमके शब्द काय होते, याची चौकशी सर्वांत शेवटी झाली. सहानुभूतीही अवाचन करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

५

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: नाकारणाऱ्यांचा जोर वाढत असताना तुम्ही साक्षींतील विसंगती मोजायला सांगता, हे त्यांच्या हाती शस्त्र देणे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. संहार नाकारणाऱ्या डेव्हिड अर्विंग यांनी डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लावलेला बदनामीचा दावा लंडनच्या न्यायालयात एप्रिल २००० मध्ये फेटाळला गेला. त्या खटल्यात बचाव पक्षाने वाचलेल्यांना साक्षीसाठी बोलावलेच नव्हते. तरीही त्यांच्या साक्षी न्यायालयापुढे होत्या. वास्तुइतिहासकार रॉबर्ट यान व्हान पेल्ट यांनी प्रेते जाळण्याच्या कामावर जुंपलेल्या हेन्रिक टाउबर यांचे १९४५ मधील निवेदन दहनगृहांच्या मूळ आराखड्यांशी ताडून पाहिले, आणि ते टिकले. अश्रूंनी नव्हे, अशा ओळीओळीच्या वाचनाने नकाराचा पराभव केला. उलट, विल्कोमिर्स्कीसारखे एक प्रकरण नाकारणाऱ्यांना जेवढे देते तेवढे शंभर प्रामाणिक विसंगती देत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सोळा-अठरा वर्षांच्या मुलांना या कोरड्या कामात रस का वाटावा? भावनेवाचून तरुण जवळ येणार नाहीत. याचे उत्तर मी युक्तिवादाने देणार नाही.

वॉर्सा वस्तीत इमान्युएल रिंगलब्लूम यांनी ‘ओनेग शाबात’ या गुप्त नावाने संग्रह उभारला होता. २२ जुलै १९४२ रोजी त्रेब्लिंकाकडे मोठी हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या आरंभी नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात शिक्षक इस्राएल लिख्टेनश्टाइन आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी, एकोणीस वर्षांचा डाविड ग्राबर आणि अठरा वर्षांचा नाहूम ग्झिवाच, यांनी दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. बाहेर धरपकड चालू होती. त्या पेट्यांत त्या मुलांची कहाणी नव्हती. इतरांचे कागद होते: जबान्या, गुप्त वृत्तपत्रे, अन्नाच्या शिधापत्रिका, शाळकरी मुलांचे निबंध, या संग्रहात ट्रामची तिकिटे आणि मिठाईची वेष्टनेही आहेत. ग्राबरने घाईघाईने एक चिठ्ठी आत ठेवली. हा ठेवा बाहेर निघेल तो क्षण पाहायला आपण असावे असे त्याला वाटत होते, आणि तसे होणार नाही हेही त्याला कळत होते. दोघेही मुलगे वाचले नाहीत. पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये सापडल्या. नंतर पुरलेल्या दोन दुधाच्या कॅन डिसेंबर १९५० मध्ये. सुमारे ३५,००० पाने आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत.

संहाराच्या स्मृतीचे जतन करणारे पहिले तरुण हे होते. साक्षीदार म्हणवून घेण्याचा त्यांच्याइतका अधिकार कोणालाच नव्हता. तरी त्या दिवशी त्यांनी इतरांचे कागद सुरक्षित ठेवण्याचे काम निवडले. त्यांत ट्रामच्या तिकिटालाही जागा होती. यिद्दिश, पोलिश आणि हिब्रू भाषांतील ती पाने आता कोणीतरी वाचायची आहेत, त्यांच्या भाषा शिकून, अक्षर लावून, जेथे शाई पसरली आहे तेथे ‘वाचता येत नाही’ असे लिहून. ग्राबरने ज्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली होती तो वारस नव्हता. तो खणून काढणारा आणि वाचणारा होता.